न्हाव्याची तीन मिनिटं

आमच्या गावचा न्हावी एझेल मॅडक्स एका दाढीत तीन गोष्टी सुरू करतो, पुरी एकही होत नाही. अशा माणसाला राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनच्या विधानभवनात, समितीपुढे, मोजून तीन मिनिटं मिळाली. गावाला काय कमी घोर!

झालं होतं असं, की वेष बदलून गावात वावरलेल्या एका पोलिसानं शपथेवर सांगितलं, "सोमवारी भरल्या दुकानात मी याच्याकडून नशेची पुडी विकत घेतली." फोटो नाही, टेप नाही, दुसरा साक्षीदार नाही. सोमवारी आमच्याकडे न्हाव्याचं दुकान बंद असतं, हे ज्युरीतल्या टकल्यालाही ठाऊक. एझेल सुटला. पण त्याच पोलिसाच्या शब्दावर मेव्हणा क्लीओफस अजून कोठडीत होता, खटला ऑक्टोबरात. अशा साक्षीला दुसऱ्या पुराव्याची जोड हवीच, असा कायदा येऊ घातला होता. लागू होणार सप्टेंबरपासून. समितीनं आज अडवला तर पुन्हा दोन वर्षं थांबा, कारण सभागृहं भरतात तीच दोन वर्षांनी.

"तळ्यातल्या माशांवर बोलू नकोस," बायको लर्लीननं बजावलं. "माझ्या भावाचं बोल."

माईक हातात आला आणि एझेल थेट तळ्यावर पोचला. दोन मिनिटं माशांत गेली. मागून लर्लीन अशी खोकली, की पहारेकऱ्यानं पाणी आणलं.

एझेल कसाबसा पोलिसाच्या साक्षीवर आला, तोवर अध्यक्ष कंटाळले होते. "अहो, पोलिसानं शपथ घेतली होती ना? आणखी काय हवं तुम्हाला?"

एझेल शांतपणे म्हणाला, "साहेब, काल सकाळी दहाला तुम्ही माझ्याकडून पुडी घेतलीत."

सगळे सरसावून बसले.

"काल दहाला मी याच खुर्चीत होतो."

"कशावरून?"

"ही माणसं होती. टेप आहे, नोंद आहे."

"ते राहू द्या. मी शपथेवर सांगतोय. आणखी काय हवं तुम्हाला?"

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष लाल झाले. "खोटं बोललो, माफ करा," म्हणत एझेल बसला.

हात वर झाले. चार कायद्याच्या बाजूनं, चार विरोधात. अध्यक्षांनी चष्मा पुसला, कागद सरळ केले आणि सावकाश हात उचलला. बाजूनं.

लर्लीन धावतच बाहेरच्या फोनपाशी गेली. "वकीलसाहेब, समितीनं मंजुरी दिली. पुढं दोन्ही सभागृहं आहेत, माहितीये मला. तोवर क्लीओफसची ऑक्टोबरची तारीख एक दिवससुद्धा अलीकडे येऊ देऊ नका."