नीळ न घातलेला रुमाल

दुष्काळाच्या त्या वर्षांत अकोल्यात लग्नांचं काम आटलं, तसा एक फोटोग्राफर माझ्यासारख्या दलालासाठी विकाऊ घरांचे फोटो काढू लागला. एकाच खोलीचे काळपट, मध्यम आणि उजळ असे तीन फोटो घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर त्यांचा एक करायचा. पण त्याआधी नीळ न घातलेला पांढरा रुमाल कुणाच्या तरी हातात द्यायचा. रुमाल फोटोत पांढरा आला, की बाकीचे रंग खरे. मला त्याची धास्तीच असायची, कारण भिंतीची ओलसुद्धा तो लपवायचा नाही. खिडकीच्या उजेडात बल्बचा पिवळा मिसळला, की वैतागायचा. "भाऊ, बल्ब बंद करा. दोन उजेड भांडून राहिले."

पुढं माझंच घर विकायची पाळी आली. त्यानं रुमाल माझ्या बायकोच्या हातात दिला, बल्ब बंद केला आणि फोटो काढला. पाहिला. पुन्हा काढला. मला अंगणात नेऊन त्यानं कॅमेरा दाखवला.

"रुमाल पांढराच आला, भाऊ," तो हळूच म्हणाला. "वहिनीचे डोये मात्र पिवळे येऊन राहिले. त्याईले आजच डॉक्टरकडं न्या."