धुरपदाबाईंनी वाटलेली साखर

धुरपदाबाईच्या जिभेला हाड नव्हतं आणि तिची सून महानंदा काही विसरत नव्हती. माकणीच्या त्या घरात पुढं जे घडलं, ते एवढ्यावरूनच घडलं.

रझाकारांचा दंगा शमला, त्याच्या दुसऱ्या वर्षी महानंदा मुरुमहून लग्न होऊन आली. नवरा अंबादास बैलासारखा गरीब माणूस. दावं धरील त्याच्यामागं जायचा, आणि दावं आईच्या हातात होतं. धुरपदाबाई ऐन जवानीत विधवा झालेली. दीर-भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून तिनं जमीन राखली होती, त्यामुळं गल्लीत तिचा शब्द शेवटचा. अशा बाईला चूक कबूल करायची सवय राहत नाही.

महानंदाची पाळी पहिल्यापासून बेभरवशाची. चार-चार, सहा-सहा महिने पत्ता नसायचा. सासूला सुरुवातीला याचं कौतुकच वाटलं. इतर घरांत सुना महिन्याला चार दिवस कडेला बसायच्या, चुलीला शिवायच्या नाहीत, आणि म्हाताऱ्या सासवांना जात्यावर बसावं लागायचं. धुरपदाबाई आडावर सांगत सुटायची, "आमची सून बारा महिने चुलीवर. कडंला बसायचं नावच न्हाय." हनुवटीवर महानंदाला राठ केस यायचे, ते ती पहाटे राखेच्या चिमटीत धरून उपटायची. तेवढं मात्र सासूला खपायचं नाही. "दाढीवाली आणलीया," म्हणायची, तेही आडावरच.

दुसऱ्या वर्षी असाच चार महिने खंड पडला. महानंदा म्हणाली, "आत्याबाई, माझं असंच असतंय. माहेरीबी असंच व्हायचं." ऐकतंय कोण? धुरपदाबाईनं गल्लीतल्या साऱ्या बायका बोलावल्या, हिरवी चोळी आणली आणि सुनेची चोरओटी भरली. नात्यागोत्यात निरोप गेले. पोरीला स्वतःलाही वाटायला लागलं की असेल बाई काहीतरी, एवढी जाणती माणसं कशी चुकतील. महिन्याभरानं तिला पाळी आली, नेहमीसारखी, ना कळ ना काही.

आता धुरपदाबाईनं काय करायचं? माझा अंदाज चुकला, असं दोन शब्दांत सांगून मोकळं होता आलं असतं. तिनं दुसरंच सांगितलं. आडावर उभी राहून, डोळ्याला पदर लावून ती बोलली, "हिनं पोट पाडलं. मुरुमहून काहीतरी पाला आणून खाल्ला. माझा नातू खाल्ला हिनं."

बस्स. एका सकाळीत महानंदाचं नाव गेलं. वांझ म्हणवून घेणारीला लोक निदान हळहळून तरी बोलतात, पोटचं खाणारीला कोण हळहळणार? बारशाला बोलावणं बंद झालं. तिची सावली पाळण्यावर पडली तर बाया पाळणा सरकवायच्या. हळदी-कुंकवाला कुणाच्या दारात गेलीच तर घरातली लेकरं आत नेली जायची. महानंदा भांडली नाही, रडली तीही एकदाच. त्या दिवशी गोठ्यात शेण काढता काढता तिनं ठरवलं की जी हे बोललीय तिच्याच तोंडून ते परत घ्यायला लावीन. त्याला किती वर्षं लागतील याचा तिनं विचार केला नाही.

मधल्या वर्षांत सासूनं नातवासाठी तिच्यावर सगळे प्रयोग केले. देवऋष्यानं अंगारा दिला, कुण्या बाबानं पोट पोळेल अशा काढ्यांचा मारा केला, एकानं पोटावर डाग द्यायला सांगितलं, तोही दिला. पाळी आपल्याच मर्जीनं येत राहिली. महानंदा सगळं मुकाट गिळत होती, आणि प्रत्येक घोटाला सासूच्या नावावर आणखी थोडं चढत होतं.

तिचा भाऊ बाबूराव सोलापुरात गिरणीला लागला होता. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला म्हणून महानंदा सोलापूरला गेली, आणि तिथल्या बायकांच्या दवाखान्यात तिला डॉक्टरीणबाई भेटल्या. चारुशीलाबाई नाव. हनुवटीकडं बघून त्यांनी आपणहून विचारलं, "पाळी लांबते का गं तुझी?" महानंदा गारच पडली. केसांचा आणि पाळीचा संबंध असतो हे तिला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या, "तुझे बीजकोश सुजून जाड झालेत. त्यात बी धरतं, पण पिकून सुटत नाही. तिथंच पाण्याचे बारके फोड होऊन बसतात. म्हणून पाळी चुकते, म्हणून केस येतात. हा आजार आहे बाई, करणी नाही आणि पापही नाही."

दुसरी कुणी असती तर पहिल्यांदा विचारलं असतं, मला मूल होईल का. महानंदानं विचारलं, "त्या बारीला माझ्या पोटात लेकरू हुतं का?"

बाईंनी तिला नीट सगळं विचारलं. कळा आल्या होत्या का, गाठी पडल्या होत्या का, रक्त किती गेलं. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांमागचं छातीठोक कुणी सांगणार नाही. पण चार-पाच महिन्यांचा गर्भ असा गुपचूप जात नाही. तू सांगतेस त्यावरून काही नव्हतंच." महानंदा बाकड्यावर बसली आणि पदराचा बोळा तोंडात धरून ढसाढसा रडली. तिचं हे दुसरं रडणं.

औषध म्हणजे ऑपरेशन होतं. बीजकोशाची एकेक फाक कापून काढायची आणि शिवायचं. बाईंनी काही लपवलं नाही. गुण येईलच असं नाही, आला तरी टिकेल असं नाही, आणि हनुवटीचे केस बहुतेक राहतीलच. महानंदा म्हणाली, "केस ऱ्हाऊ द्या." नवऱ्याची सही लागणार म्हणून बाबूराव अंबादासला घेऊन आला. अंबादासनं कागद हातात धरून ठेवला. "आईला इचारलं न्हाय," तो म्हणाला. महानंदा म्हणाली, "आईचं पोट कापायचं न्हाय. माझं कापायचंय." त्यानं सही केली. आयुष्यात आईला न विचारता केलेलं त्याचं हे पहिलं काम, आणि चांगलं काम.

ऑपरेशन झालं, जखम भरली, महानंदा माकणीला परतली. आणि पाळी यायला लागली महिन्याच्या महिन्याला. मग काय विचारता. दर महिन्याला चार दिवस महानंदा ओसरीच्या कडेला घोंगडीवर बसायची, गल्लीच्या डोळ्यांदेखत, आणि आत धुरपदाबाई जात्याचा खुंटा धरून ओढायची. चुलीच्या धुरानं म्हातारीचे डोळे गळायचे. महानंदा बाहेरून अदबीनं सांगायची, "आत्याबाई, भाकर करपाय लागलीया जणू." इतका गोड आवाज तिचा एरवी कधी लागला नव्हता.

म्हातारी काय गप्प बसते? "सोलापूरला जाऊन चिरफाड करून आली. आता हिच्यात काय ऱ्हायलं?" म्हणत तिनं ढोकीच्या भाचीशी अंबादासचं दुसरं लग्न ठरवायला घेतलं. कुणीतरी सांगितलं, सरकारनं कायदा केलाय, एका बायकोवर दुसरी करता येत न्हाय. "कायदा उस्मानाबादला," धुरपदाबाई म्हणाली, "हितं मी हाय." अंबादास मान खाली घालून बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. तेवढ्यावरच त्याची मर्दुमकी संपली.

याच सुमाराला महानंदाची पाळी चुकली. पहिल्या महिन्याला तिनं भरवसा ठेवला नाही. दुसऱ्या महिन्याला तोंडाला पाणी सुटायला लागलं, तेव्हा टाके दाखवायचं निमित्त करून ती सोलापूरला जाऊन आली. चारुशीलाबाईंनी तपासलं आणि नुसती मान हलवली. महानंदानं हे नवऱ्यालाही सांगितलं नाही. एकदा तिच्या पोटाची दवंडी दुसरीनं पिटली होती. या वेळी ती स्वतः पिटणार होती, आणि तेही त्याच बायांच्या समोर.

म्हणून ती महिन्याच्या महिन्याला कडेला बसत राहिली. ठरल्या दिवसाला घोंगडी अंथरायची, कुणाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, सगळं यथासांग. कडेला बसलेलीच्या जवळ कुणी जात नाही. तिच्या पोटाकडं बघायला कोण येणार? बाकीचे दिवस लुगड्याचा घोळ सैल सोडून निभावले. सासू जातं ओढत होती आणि लग्नाची सुपारी फोडायचा मुहूर्त काढत होती.

सुपारीच्या दिवशी ढोकीचे पाहुणे आले. ओसरीवर पंगत बसेल एवढी गर्दी. गल्लीतल्या बाया आतल्या दारात दाटीनं उभ्या, चोरओटीला आलेल्याच बऱ्याचशा. महानंदा नेमकी त्याच दिवशी कडेला बसलेली, कोपऱ्यात, घोंगडीवर. धुरपदाबाई पाहुण्यांना म्हणाली, "ती बघा, एवढ्यासाठीच करावं लागतंय. महिन्याला बसती, पदरात काय न्हाय."

सुपारीचं ताट पुढं आलं आणि महानंदा उठली. सरळ माणसांच्या मधोमध येऊन उभी राहिली. कुणी ताट ओढलं, कुणी धोतर सावरलं. "विटाळ कालवती का गं रांडे," सासू म्हणाली.

"मला विटाळ न्हाय," महानंदा म्हणाली. "चार महिनं झालं न्हाय. कोंडाबाई, पुढं या. हात लावून सांगा सगळ्यास्नी."

कोंडाबाई गावची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली, तिच्या शब्दावर शब्द नाही. ती पुढं आली, पोटाला हात लावला आणि तसाच ठेवला. "पाचवा लागलाय," ती म्हणाली. "लेकरू हलतंय." ढोकीचे पाहुणे पागोटी सावरत उठले. चहाला कुणी थांबलं नाही. धुरपदाबाई ताट धरून उभीच राहिली.

मग म्हातारी बदलली. हिरवं लुगडं आणलं, "ओटी भरू दे गं" म्हणून मागं लागली. महानंदानं एवढंच सांगितलं, "एकदा भरलीया तुमी," आणि बाळंतपणाला सोलापूर गाठलं. मुलगा झाला. मुलगी झाली असती तरी तिनं पुढचं सारं असंच केलं असतं, पण मुलगा झाल्यानं सासू जास्त तडफडली, आणि महानंदाला ते हवंच होतं.

ती लेकराला घेऊन एसटीनं परत आली तेव्हा धुरपदाबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. ओवाळून टाकला आणि दोन्ही हात पुढं केले. महानंदानं लेकरू पदराखाली घेतलं.

"साखर वाटलीया का?" तिनं विचारलं.

"वाटती की. आत्ता जाती."

"प्रत्येक दारात सांगायचं. त्या बारीला हिच्या पोटात काय नव्हतं, म्या खोटं बोलले. त्याबिगर लेकराला हात लावायचा न्हाय. न्हायतर मी आल्या पावली सोलापूरला चालले."

म्हातारीनं लेकाकडं बघितलं. अंबादासनं या खेपेला मान खाली घातली नाही. "जा आई," तो म्हणाला.

धुरपदाबाई साखरेची परात घेऊन गेली. दार-दार करत गेली, आणि प्रत्येक दारात तिला ते बोलावं लागलं, कारण मागून महानंदानं कोंडाबाईला धाडलं होतं. काही बायांनी साखर घेऊन तोंड दुसरीकडं वळवलं. त्यांनाही आपले सरकवलेले पाळणे आठवले असतील. ऊन कलल्यावर म्हातारी परतली. परात रिकामी होती, चेहरा उतरला होता. तिनं पाय धुतले आणि हात पुढं केले.

"समद्यांस्नी सांगितलं?" महानंदानं विचारलं.

"सांगितलं."

कोंडाबाई मागून म्हणाली, "रुद्रम्माच्या दारात नुसती साखर दिली. कायच बोलली न्हाय."

"ती ठार बहिरी हाय," धुरपदाबाई कळवळून म्हणाली. "तिला काय सांगायचं? तिला ऐकूच येत न्हाय."

महानंदानं लेकराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"मग वरडून सांगा," ती म्हणाली.