आत्यांची कॉमेंट आज मी टाकली नाही

मैत्रिणींनो, दुपारपासून घरात कुणी कुणाशी बोलेना, म्हणून इथं लिहितेय.

माझ्या सासूबाई, आमच्या आत्या, एक मालिका कधीच चुकवत नाहीत. मागच्या आठवड्यात तिची नायिका काम सोडून गेली. खलनायिकेनं सेटवर तिला छळलं, अशी बातमी मोबाईलवर आली. तेव्हापासून आत्या नीट जेवल्याच नाहीत.

आज जेवताना त्या खलनायिकेचा फोटो समोर आला. आत्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्या सांगतात आणि मी टाइप करते.

"लिही, तू मरत का न्हाईस?"

माझा अंगठा थांबला. "आत्या, खरं काय झालं ते आपल्याला ठाऊक न्हाई. तिलाबी लेकरं असतील."

"तू तिच्या बाजूची हायस का? लिही म्हनते ना!"

मी फोन बंद केला. आत्या ताट सारून उठल्या.

पण खरं सांगू? आठवडाभरातल्या आधीच्या शिव्या मीच टाइप केल्यात, माझ्याच खात्यावरून. काही तर मी माझ्या मनानं जोडल्या. आता एकेक शोधून डिलीट करतेय, सगळ्या सापडत नाहीत.

तिनं त्या वाचल्या असतील का हो?