दयानंद ढमाले यांचं सावकाश गुणमेलन

पौडला दयानंद ढमाले संगणकावर पत्रिका जुळवून द्यायचे. ज्योतिषावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. संगणकावर मात्र नितांत होता. त्यांचा प्रोग्रॅम जुन्या डॉसमधला, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांचा. छत्तीसपैकी किती गुण जुळतात, हे तो सात मिनिटांत सांगे.

सन दोन हजारला त्यांनी विंडोज अठ्ठ्याण्णववाला नवा संगणक आणला आणि तोच प्रोग्रॅम अकरा मिनिटं घेऊ लागला. त्याच सुमारास गिऱ्हाइकंही घटली. वेग कमी पडतोय, असं दयानंदांनी ठरवून टाकलं. त्यांच्या बायकोचं, आशालताबाईंचं, मत वेगळं होतं. "तुम्ही लोकांना संगणक समजावून सांगता, म्हणून पळतात." ही लगीनसराई कोरडी गेली, तर दुकान बंद करून मेव्हण्याच्या सिमेंटच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं.

दयानंद कामाला लागले. पडद्यावरचं धबधब्याचं चित्र काढलं. प्रोग्रॅम खिडकीतून काढून पूर्ण पडद्यावर आणला. मग सेटिंगांत खोल कुठंतरी एक सरकती पट्टी सापडली. प्रोग्रॅम कुणी कळ दाबतंय का हे सारखं बघत बसे, त्यामुळे विंडोजला तो रिकामटेकडा वाटे आणि त्याची पाळी ते दुसऱ्याला देऊन टाकी. चोवीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत काढलेल्या दयानंदांना हा प्रकार लगेच समजला. त्यांनी पट्टी सरकवली. प्रोग्रॅम चार सेकंदांत संपला.

सोमवारी जवळच्या वाडीतला गेणबा आला, पोरीची आणि तिला सांगून आलेल्या मुलाची, दोन्ही पत्रिका घेऊन. दयानंदांनी तारखा भरल्या, कळ दाबली.

"सव्वीस गुण. उत्तम!"

गेणबा पडद्याकडं बघत राहिला. "झालं?"

"झालं."

"लेकीच्या जल्माचा प्रश्न हाय, मास्तर. मी बैल घेतो तवा चार बाजार हिंडतो." मग आवाज उतरवून म्हणाला, "पोराकडची मान्सं आदी येऊन गेली का तुमच्याकडं?"

"अहो, कोणी नाही आलं!"

"मग ह्याला आदीच कसं ठावं?"

दयानंदांनी पुन्हा चालवून दाखवलं. सव्वीस. तिसऱ्यांदाही सव्वीस.

"बगा की," गेणबा म्हणाला, "पढवूनच ठेवलंय त्याला." आणि पत्रिका घड्या घालून खिशात टाकू लागला. गेणबाचं तोंड सात वाड्यांवर चालायचं, हे दयानंदांना ठाऊक होतं.

"थांबा," ते म्हणाले. "आता बारकाईनं करतो."

त्यांनी पट्टी परत होती तिथं नेली. प्रोग्रॅम पुन्हा रिकामटेकडा ठरला. पडद्यावर एकेक ओळ उमटायची, थबकायची. नाडीपाशी आल्यावर तर दोन मिनिटं हललाच नाही. गेणबानं मांडी घातली, तंबाखू मळायला घेतली आणि मळतच राहिला.

अकराव्या मिनिटाला सव्वीस आले.

"आत्ता कसं!" गेणबा उठला. "राबलं बिचारं."

त्या आठवड्यात सातांपैकी पाच वाड्यांची माणसं आली. दयानंदांनी पडद्यावर दोन चित्रं करून ठेवली: एकाखाली 'घाईचं', दुसऱ्याखाली 'बारकाईचं'. घाईचं शहरी लोकांसाठी, असा त्यांचा हिशोब.

महिनाअखेरीला सूसच्या सोसायटीतून मनीष नावाचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर आला. आईच्या समाधानासाठी आलोय, माझा यावर विश्वास नाही, असं त्यानं बसायच्या आधीच सांगितलं. दयानंदांना तो फार आवडला. मोठ्या हौसेनं त्यांनी त्याला ती पट्टी दाखवली, विंडोजचा गैरसमज सांगितला, दोन्ही चित्रांत फरक फक्त वेळेचा आहे, हेही सांगितलं. मनीषला सगळं समजलं. मग 'घाईचं' चाललं आणि चार सेकंदांत एकोणीस गुण आले.

मनीषनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"काका," तो म्हणाला, "ते दुसरंही एकदा चालवून बघू या का?"