ओळख नसलेली शाई

माझ्या उभ्या आयुष्यात मी एकाच मशीनपुढं हारलो, आन ते मशीन काखेत मावंल एवढं होतं.

नात रोहिणीला बघायला सेलूहून पाहुणे येणार होते. पोरगा तिला फोटोतच आवडला होता. (हे मला सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं.) मी म्हणलं, पोरीची माहिती रंगीत फोटोसकट कागदावर छापून पाहुण्यांच्या हातात द्यायची.

"आबा, मोबाईलवर पाठवलीय की," रोहिणी म्हणली.

"मोबाईलवर कुणी सोयरीक करतं का?" (हल्ली करतेत म्हणे. मला कुणी इचारलं न्हाई.)

घरात प्रिंटर हाय. त्याची शाई मीच परभणीहून आणतो, दुसऱ्या कंपनीची, स्वस्तातली. मागच्या खेपेला त्यानं मुकाट घेतली. आता म्हणायलंय, ही शाई ओळखीची न्हाई.

"मशीनच्या कंपनीनंच इंटरनेटवरून त्याला तसं शिकवलंय," माझा पोरगा बबन म्हणला. "आता दुसऱ्याची शाई घेत न्हाई."

"मशीन कुणाचं?"

"आपलं."

"मंग ऐकायलंय कुणाचं?"

"आबा, मी ताडकळसला जाऊन छापून आणतो."

"थांब. हट्टी जनावर मला नवं हाय का?"

मागं आमच्या म्हशीचं रेडकू मेलं, तवा ती दूध देईना. मी रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं उभं केलं. ती चाटत बसली आन तिनं पान्हा सोडला. तीच अक्कल हितं लावली. मशीनच्या कंपनीची शाईची रिकामी डबी घेतली, म्हशीच्या इंजेक्शनची सुई घेतली, आन माझी निळी शाई डबीत काठोकाठ भरली. मशीन म्हणलं, डबी रिकामी हाय.

"भरलीय," मी मशीनला सांगितलं.

"तिच्यात चिप असती आबा," बबन म्हणला. "डबी एकदा रिकामी झाली, की चिप ते ध्यानात ठेवती."

म्हस फसली, हे फसंना. डबी खरंच भरलीय का बघायला मी ती जरा दाबली. दोन्ही हात मनगटापस्तोर निळे. मिशी बी निळी, कारण ताव आला की माझा हात आधी मिशीवर जातो. माझ्या म्हातारीनं राख घासली, राकेल लावलं. ढिम्म. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी दारात.

मी उपरणं नाकापस्तोर गुंडाळलं आन हात पाठीमागं घेऊन उभा राहिलो. पोराच्या वडलांनी हात जोडून रामराम घातला. मी नुसती मान हालवली. चहा आला, मी कपाला हात लावीना.

"आजोबा आमच्यासंगं चहा बी घेईनात," ते म्हणले. "स्थळ पसंत दिसत न्हाई." आन उठायला लागले.

रोहिणी तरातरा बाहेर आली. "आबा, हात दाखवा."

दाखवले. उपरणं तिनंच ओढलं. बबननं मंग सगळं सांगितलं, म्हशीसकट. पाहुणे हसत हसत परत खाली बसले.

सोयरीक जमली. निघताना पोराचे वडील म्हणले, "एकच अट हाय." मी हात परत पाठीमागं घेतले.

"लग्नाच्या पत्रिका दोन्ही घरच्या आमीच छापणार."

मी लगेच हो म्हणलं न्हाई. पोरीकडचे असलो म्हणून काय झालं? निळ्या मिशीला पीळ दिला आन म्हणलं, "इचार करून कळवतो."