राणीच्या अंगातलं दुसरं कुत्रं

मंडळी, इंजेक्शन न्यायला नगरला आलोय, सायबर कॅफेतून आपल्या ई-मेल ग्रुपला लिहितोय.

आमच्या राणी कुत्रीच्या शेपटीखाली गाठ आलीय. सकाळी जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे, चाटण्या-हुंगण्यातूनही कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारा. या पेशी राणीच्या नाहीतच, गुणसूत्रंसुद्धा वेगळी. कुठलं तरी कुत्रं कधीच मेलं, त्याच्या पेशी मात्र अजून जगतायत."

शिंगणापुरात आमच्या घराला दार नाही. कुत्री शिरू नयेत म्हणून चौकटीला रात्रीपुरती फळी टेकवतो. हे सगळं ऐकून आई ओरडली, "आत्ताच लाव रं फळी, लई मोकाट कुत्री फिरत्यात!"

लावली. मागं वळलो, तर राणी गाठ चाटत होती आणि तिची पिल्लं तिथंच हुंगत होती.

सांगा, आता फळी कुठं लावू?