लय सोपं हाये, बाई

किस्से सांगायची मला हौस नाही. पण ती प्रश्नवाली पोरगी आमच्या गावात राहायला आली आणि किस्से न बोलावता दारात येऊन बसू लागले. काही मी हाकलले. हे एवढे राहिले.

पोरीचं नाव अपर्णा. नागपूरहून आलेली. दवाखान्यातलं बोलणं माणसाला किती कळतं, ते मोजायचे प्रश्न परदेशात कोणी तयार केले होते. कोणीतरी त्यांचं मराठी केलं. ते मराठी आमच्या माणसांना लागू पडतं का, हे तिला बघायचं होतं.

मी तिला डॉक्टर समजून ओसरीवर बसवलं. आमच्या घरची पावसाळ्यापासून चक्कर येऊन पडत होती. शुगरची गोळी चालू, तरी पडत होती. एकदा तर गोठ्यात गाईच्या पायाशी पडली. मुलगा अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ म्हणत होता. ती ऐकत नव्हती.

"औषध काय आणलं?" मी विचारलं.

"औषध नाही, बाबा. प्रश्न आणलेत."

प्रश्न आमच्याकडे होतेच.

*

आधी मलाच बसवलं. म्हणाली, "बाबा, ही परीक्षा नाही."

मी चौथी शिकलो. पण परीक्षा नाही असं सांगून जो विचारतो तो परीक्षाच घेतो, एवढं मला कळतं. पहिल्या उत्तरावर तिनं कागदावर खूण केली.

"परीक्षा नाही तं मार्क कायले देऊन राह्यली?"

मी उठलो.

*

अनसिंगच्या बाजारात रशीदभाई शिंपी बसतात. अपर्णानं त्यांना विचारलं, "दुसऱ्या डॉक्टरचं मत कधी घ्यायचं, हे ठरवणं तुम्हाला सोपं वाटतं की अवघड?"

रशीदभाईंनी मशीन थांबवली. "बेटा, पहिल्यानं मत कवा देलं? त्यानं तं इंजेक्शन देलं."

*

काशीबाई आमची शेजारीण. पोरगी तिच्याकडे नेमकी दिवेलागणीला गेली. म्हणाली, "समजा, तुम्हाला कॅन्सर झाला, तर माहिती कुठून घ्याल?"

काशीबाईनं चुलीत मीठ-मिरच्या टाकल्या. घरभर ठसका. प्रश्न तिथंच राहिले.

दुसऱ्या दिवशी अपर्णा प्रश्न बदलून आली. "समजा, शेजारच्या गावातल्या एका बाईला कॅन्सर झाला."

"कोनाच्या घरची?"

"कोणाची नाही, आजी. समजा."

"अशी कशी कोनाची नाही?" काशीबाईनं लुगडं बदललं, डब्यात भाकरी बांधल्या आणि भेटायला निघाली. तिला बस स्टँडवरून परत आणावं लागलं. मीच आणली.

*

उत्तरं चारच होती. लय सोपं, सोपं, अवघड, लय अवघड. डॉक्टरनं सांगितलेलं समजतं का, यावर अख्ख्या गावानं लय सोपं सांगितलं.

"सगळ्यांनाच कसं सोपं?" अपर्णा नामदेवला म्हणाली. नामदेव माझा चुलतभाऊ. त्याला डॉक्टरनं काय दिलंय, हे त्याला आजही माहीत नाही.

"बाई, डॉक्टर भला मानूस हाये," नामदेव म्हणाला. "अवघड म्हनून त्याचं नाव काहून खराब करू?"

पोरगी वैतागली. मी तर पहिल्या दिवसापासून वैतागलो होतो.

*

जायच्या आदल्या दिवशी ती आमच्या घरचीजवळ बसली.

"आई, डॉक्टरांनी गोळीचं सांगितलेलं समजणं?"

"लय सोपं हाये, बाई."

या वेळी तिनं खूण केली नाही. "मग काय सांगितलं, ते मला सांगा."

"सकाळ-संध्याकाळ एक गोळी. जेवनाच्या आंधी."

"तशीच घेता?"

"एक दिवस चुकली नाही. ह्यायचं ताट वाढाच्या आंधी गोळी घेतो. मंग ताट वाढतो."

"आणि तुम्ही कधी जेवता?"

"ह्यायचं होते. मंग पोराचं, नातवायचं. मंग गाईचं दूध, भांडे. मंग बसतो ना मी."

"किती वेळानं?"

"घड्याळ पाहून कोन जेवते?"

"आणि चक्कर कधी येते?"

"दूध काढतानी."

अपर्णानं पेन खाली ठेवला. "आई, जेवणाआधी म्हणजे तुमच्या जेवणाआधी. गोळी घेतली की लगेच जेवायचं. नाहीतर शुगर उतरते, माणूस पडतो. उद्या डॉक्टरांना हे सगळं सांगा."

"माह्या जेवनाआंधी?" आमची घरची हसायला लागली. "डॉक्टर जेवन म्हने. माह्यं कवा म्हने?"

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मी गोठ्याकडे गेलो.

संध्याकाळी हातपाय धुऊन मी पाटावर बसलो. "दोन ताटं वाढ," म्हणालो.

ती ओसरीवर गेली, रस्त्याकडे बघून परत आली.

"कोन पाहुना आला?"